डिझेल उत्सर्जन घोटाळा आणि आलिशान एसयूव्ही वाहनांचे मालक

डिझेल उत्सर्जन घोटाळा म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगन समूहाने आपल्या डिझेल मोटारींच्या प्रदूषण-चाचण्यांत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने केलेली फसवणूक होय. ती सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आली. 'डिझेलगेट' या नावानेही हे प्रकरण ओळखले जाते. प्रारंभी ते दोन लिटर क्षमतेच्या इंजिनांच्या लहान व मध्यम मोटारींपुरते आहे असा समज होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये मात्र तीन लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनांतही अशीच तजवीज असल्याचे पुढे आले, आणि फोक्सवॅगन टुआरेग, ऑडी क्यू७, ऑडी क्यू५ व पोर्शे केयेन या आलिशान एसयूव्ही वाहनांचे मालक या प्रकरणात ओढले गेले. पुढे जीप आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या काही डिझेल एसयूव्हींवरही अशाच स्वरूपाचे आरोप झाले.

प्रस्तुत लेखात या वाहनांच्या मालकांवर झालेल्या परिणामांची माहिती दिली आहे. फसवणुकीचे स्वरूप सर्वत्र जवळपास सारखेच होते. परंतु मालकाच्या पदरात काय पडले, हे त्याने गाडी कोणत्या देशात घेतली आणि ती कोणत्या वर्षीची होती यावरच प्रामुख्याने ठरले.

पार्श्वभूमी

एसयूव्ही हे वजनदार वाहन असते. मोठ्या आकाराच्या आलिशान एसयूव्हीचे वजन दोन टनांहून अधिक भरते. असे वाहन चढावर नेण्यासाठी किंवा त्यामागे नौका अथवा प्रवासी-गाडा ओढण्यासाठी इंजिनाला कमी वेगातही मोठा पीळबल, म्हणजे टॉर्क, द्यावा लागतो. डिझेल इंजिनाचा हा उपजत गुण आहे. शिवाय तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल इंजिनापेक्षा ते कमी इंधन खाते. युरोपात डिझेल मोटारींचे प्रमाण पूर्वीपासूनच मोठे होते. अमेरिकेत प्रवासी मोटारी बहुतांशी पेट्रोलवर चालत. डिझेल म्हणजे धूर आणि खडखडाट अशी तेथील ग्राहकाची धारणा होती. ती पुसून टाकण्यासाठी फोक्सवॅगन समूहाने 'स्वच्छ डिझेल' या घोषवाक्याभोवती मोठी जाहिरात-मोहीम राबवली. याच जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याचा दावा पुढे मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यायालयात दाखल केला.

डिझेल इंजिनाची खरी अडचण नायट्रोजन ऑक्साइड्स ही आहे. इंजिनातील उच्च तापमान आणि दाब यांमुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन हे वायू तयार होतात. त्यांपासून जमिनीलगत ओझोन आणि सूक्ष्म कण निर्माण होतात. दमा व श्वसनाचे इतर विकार त्यामुळे बळावतात. अमेरिकेत या मोटारींना लागू असलेली मर्यादा वाहनाच्या पूर्ण आयुर्मानासाठी दर मैलामागे ०.०७ ग्रॅम इतकी कडक होती. युरोपातील 'युरो ५' मानकात ती दर किलोमीटरमागे ०.१८ ग्रॅम व 'युरो ६' मानकात ०.०८ ग्रॅम होती.

मोठ्या डिझेल गाड्यांत हे वायू कमी करण्यासाठी धुराच्या मार्गात यूरियाचे द्रावण फवारले जाते. या द्रावणात यूरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असते. 'अ‍ॅडब्लू' या व्यापारी नावाने ते विकले जाते. उष्णतेने यूरियापासून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर त्याची नायट्रोजन ऑक्साइड्सशी अभिक्रिया होऊन निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ उरते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय उत्तम आहे. मात्र जितके वायू शमवायचे तितके द्रावण खर्च करावे लागते. द्रावणाची टाकी मोठी केली तर गाडीतील जागा जाते. टाकी लहान ठेवली तर मालकाला ती वरचेवर भरावी लागते. नियमित देखभालीच्या दोन खेपांमध्ये, म्हणजे सुमारे १०,००० मैलांच्या (१६,००० किलोमीटरच्या) अंतरात, टाकी भरण्याची वेळ मालकावर येऊ नये, अशी कंपनीची अपेक्षा होती. टाकीच्या आकारासारख्या या मर्यादांत राहून अमेरिकी मानक पाळता येत नाही हे अभियंत्यांच्या लक्षात आले होते आणि त्यातूनच फसव्या सॉफ्टवेअरचा मार्ग पत्करला गेला, असा आरोप अमेरिकी सरकारी वकिलांनी नंतर ऑडीच्या अभियंत्यांवरील खटल्यांत केला.

घोटाळा उघडकीस येणे

२०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 'इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन' या संस्थेसाठी तीन डिझेल मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावर तपासणी केली. वाहनात बसवता येणारी मापनयंत्रे वापरून ही मोजमापे घेण्यात आली. फोक्सवॅगन जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि फोक्सवॅगन पसाट ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड्स सोडत असल्याचे आढळले. तिसरी मोटार बीएमडब्ल्यू एक्स५ ही एक आलिशान एसयूव्ही होती. ग्रामीण भागातील चढाचे रस्ते वगळता तिचे उत्सर्जन साधारणपणे मर्यादेत राहिले. मोठी आणि जड डिझेल गाडीदेखील रस्त्यावर नियम पाळू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

या निष्कर्षांचा पाठपुरावा कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाने केला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नियमभंगाची नोटीस बजावली. ती दोन लिटर इंजिनाच्या सुमारे ४,८२,००० वाहनांविषयी होती. काही परिस्थितींत त्यांचे उत्सर्जन मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने लवकरच मान्य केले. २३ सप्टेंबर रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी पोर्शेचे प्रमुख माथियास म्युलर यांची नियुक्ती झाली.

२ नोव्हेंबर २०१५ रोजी दुसरी नोटीस निघाली. ती तीन लिटर इंजिनाच्या वाहनांविषयी होती. २०१४ ची टुआरेग, २०१५ ची केयेन, तसेच २०१६ च्या ऑडी ए६, ए७, ए८ व क्यू५ यांची नावे तीत होती, आणि उत्सर्जन मर्यादेच्या ९ पटींपर्यंत असल्याचे नमूद केले होते. कंपनीने प्रथम हा आरोप नाकारला. मात्र त्याच महिन्याच्या १९ तारखेस, २००९ पासून अमेरिकेत विकलेल्या सर्व तीन लिटर डिझेल मोटारींत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संस्थेला सांगितले. अशा रीतीने सुमारे १०,००० वाहनांचा आकडा एकदम ८५,००० च्या घरात गेला.

तीन लिटर इंजिनातील तजवीज

प्रयोगशाळेतील चाचणी ही ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात होते. गाडी रुळांवर उभी असते, वेग कधी वाढवायचा व कधी कमी करायचा हे आधीच निश्चित असते. त्यामुळे चाचणी सुरू असल्याचे संगणकाला ओळखता येते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोटिशीनुसार, चाचणी सुरू होताच तीन लिटर इंजिन धूर-शुद्धीकरण यंत्रणा तापवण्याच्या विशेष अवस्थेत जाई आणि उत्सर्जन मर्यादेत राही. चाचणीचे आरंभीचे टप्पे संपायला सुमारे २३ मिनिटे लागतात. ते संपल्यानंतर अवघ्या एका सेकंदात इंजिनाचे अनेक मापदंड बदलत आणि नायट्रोजन ऑक्साइड्स वाढत. शाळातपासनीस वर्गात असेपर्यंत शिस्तीत बसणाऱ्या आणि त्यांची पाठ वळताच गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यासारखे हे वर्तन होते. अमेरिकी कायद्यात अशा तजविजीला 'डिफीट डिव्हाइस' म्हणतात आणि ती निषिद्ध आहे.

हे इंजिन ऑडीने विकसित केले होते. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी ते आपापल्या एसयूव्हींत बसवले. त्यामुळे बोधचिन्ह आणि किंमत भिन्न असली, तरी टुआरेग, क्यू७ व केयेन यांच्या मालकांची मूळ तक्रार एकच होती.

अमेरिकेतील वाहनमालक

अनिश्चिततेचा काळ

नोव्हेंबर २०१५ मध्ये या वाहनांच्या नव्या प्रतींची विक्री थांबवण्यात आली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांना पर्यावरण संरक्षण संस्थेने कळवले की वाहने चालवण्यास सुरक्षित आहेत आणि ती चालवणे वा विकणे बेकायदेशीर नाही. तरीही मालकांची कोंडी झाली. घोषित दोष असलेली महागडी गाडी पूर्वीच्या भावाने कोणी घेईना. दुरुस्ती केव्हा निघेल आणि तिच्यामुळे ताकद वा इंधनबचत घटेल काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. कर्ज काढून गाडी घेतलेल्यांचे हप्ते मात्र चालूच होते. दोन लिटर गाड्यांच्या मालकांसाठी कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये सद्भावना म्हणून ५०० डॉलरचे कार्ड आणि विक्रेत्याकडे वापरता येतील असे ५०० डॉलर देऊ केले होते. जानेवारी २०१६ मध्ये टुआरेगच्या मालकांनाही ही सवलत देण्यात आली.

देशभरातील दावे सॅन फ्रान्सिस्को येथील संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांच्यासमोर एकत्र करण्यात आले. दोन लिटर गाड्यांसाठीची १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजूर झाली. तीन लिटर गाड्यांच्या मालकांना त्यानंतरही थांबावे लागले. त्यांच्यासाठीची तडजोड डिसेंबर २०१६ मध्ये आकाराला आली आणि तिला मे २०१७ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. म्हणजे दुसऱ्या नोटिशीपासून सुमारे दीड वर्ष हे मालक अधांतरी होते.

दोन पिढ्यांची विभागणी

तडजोडीत सुमारे ८३,००० वाहने होती. त्यांचे दोन गट पाडण्यात आले:

• पहिली पिढी: २००९ ते २०१२ या वर्षांतील टुआरेग आणि ऑडी क्यू७, सुमारे २०,००० वाहने. ही वाहने मूळ मानकापर्यंत आणणे शक्य नव्हते. म्हणून मालकाला गाडी कंपनीला परत विकण्याचा, तर भाडेकराराने गाडी घेतलेल्यास करार संपवण्याचा पर्याय देण्यात आला. गाडी ठेवायची असल्यास उत्सर्जन बरेच कमी करणारा, परंतु मूळ मर्यादेपर्यंत न पोहोचणारा बदल करून घेता येणार होता.

• दुसरी पिढी: २०१३ ते २०१६ मधील टुआरेग व केयेन, २०१३ ते २०१५ मधील क्यू७, आणि २०१४ ते २०१६ मधील क्यू५, ए६, ए७ व ए८, सुमारे ६३,००० वाहने. यांच्यासाठी मूळ मानक पूर्णपणे पाळणारी दुरुस्ती कंपनीने विनामूल्य करून द्यायची होती. अशी दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत मंजूर झाली नाही तरच परत-खरेदी बंधनकारक होणार होती.

दोन्ही गटांतील मालकांना रोख नुकसानभरपाईही होती. बदल करून घेणाऱ्या पहिल्या पिढीच्या मालकांसाठी ती ७,७५५ ते १३,८८० डॉलर, तर दुसऱ्या पिढीच्या मालकांसाठी ७,०३९ ते १६,११४ डॉलर अशी होती. गाडी विकून टाकलेल्या काही पूर्वीच्या मालकांनाही भरपाईचा अंश मिळाला. मालकांसाठी सुमारे १.२ अब्ज डॉलरची तरतूद होती. दुसऱ्या पिढीची दुरुस्ती मंजूर झाली नसती, तर हा खर्च ४ अब्ज डॉलरच्या वर गेला असता. याखेरीज, पर्यावरणाच्या हानीच्या परिमार्जनासाठी स्थापन झालेल्या निधीत तीन लिटर वाहनांपोटी २२.५ कोटी डॉलर भरण्याचे कंपनीने मान्य केले.

या विभागणीमुळे एक विसंगती निर्माण झाली. २०१२ च्या क्यू७चा मालक गाडी परत करून मोकळा होऊ शकत होता; २०१३ च्या क्यू७च्या मालकाला तीच गाडी दुरुस्त करून वापरावी लागणार होती. नव्या गाडीची दुरुस्ती शक्य असल्याने ही तफावत तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होती. परंतु ज्याचा कंपनीवरचा विश्वासच उडाला होता आणि ज्याला गाडीच नको होती, अशा मालकाला तिचा लाभ झाला नाही.

दुरुस्ती आणि तिचे परिणाम

ऑक्टोबर २०१७ मध्ये दुसऱ्या पिढीच्या टुआरेग, केयेन आणि क्यू७ अशा सुमारे ३८,००० एसयूव्हींच्या दुरुस्तीला अमेरिकेच्या व कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी मान्यता दिली. त्यामुळे या वाहनांच्या परत-खरेदीचा प्रश्न मिटला. दुरुस्तीत सॉफ्टवेअर बदलण्यात येई आणि काही प्रकारांत सुटे भागही बदलण्यात येत. यूरियाच्या द्रावणाची बचत करण्यासाठी केलेली लबाडी दूर झाल्यावर द्रावण अधिक खर्च होणे स्वाभाविक होते. टाकी पूर्वीपेक्षा लवकर भरावी लागण्याची शक्यता मालकांनी गृहीत धरायची होती. उत्सर्जन-यंत्रणेसाठी वाढीव हमी देण्यात आली.

परत घेतलेल्या गाड्या मंजूर बदल केल्याशिवाय पुन्हा विकण्यास बंदी होती. परिणामी २०१८ च्या प्रारंभी दोन्ही प्रकारची मिळून जवळपास ३ लाख वाहने देशातील ३७ ठिकाणी साठवून ठेवलेली होती. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथील विमानतळाच्या वाळवंटी मैदानावर उभ्या असलेल्या मोटारींच्या रांगांची छायाचित्रे त्या काळात जगभर प्रसिद्ध झाली.

इंजिन-नियंत्रणाची यंत्रणा व मूळ सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या बॉश कंपनीने दोष मान्य न करता अमेरिकी मालकांसाठी ३२.७५ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. यातून तीन लिटर वाहनांच्या बहुतेक मालकांना प्रत्येकी १,५०० डॉलर मिळायचे होते.

अन्य उत्पादकांच्या एसयूव्ही

१२ जानेवारी २०१७ रोजी फियाट क्रायस्लर कंपनीला २०१४ ते २०१६ मधील जीप ग्रँड चेरोकी आणि रॅम १५०० या तीन लिटर डिझेल वाहनांविषयी नोटीस मिळाली. सुमारे १,०४,००० वाहनांचा हा प्रश्न जानेवारी २०१९ मध्ये तडजोडीने सुटला. बहुतेक मालकांना सरासरी २,८०० डॉलर आणि सॉफ्टवेअरची विनामूल्य दुरुस्ती मिळाली. परत-खरेदी मात्र नव्हती. २०२२ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने फौजदारी गुन्हा कबूल करून सुमारे ३० कोटी डॉलरचा दंड स्वीकारला.

मर्सिडीज-बेंझची उत्पादक डाइमलर हिने सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील सुमारे अडीच लाख डिझेल मोटारी व व्हॅन यांबाबत सरकारशी सुमारे १.५ अब्ज डॉलरची आणि मालकांशी सुमारे ७० कोटी डॉलरची तडजोड केली. यात कंपनीच्या मोठ्या एसयूव्हींचाही समावेश होता. मालकाला जास्तीत जास्त ३,२९० डॉलर मिळू शकत होते. कंपनीने दोष मान्य केला नाही.

युरोपातील वाहनमालक

युरोपात विकलेल्या वाहनांची संख्या अमेरिकेच्या कित्येक पटींनी मोठी होती. मालकांना मिळालेली तत्काळ भरपाई मात्र नगण्य होती. सॉफ्टवेअर बदलल्याने दोष नाहीसा होतो व गाडीच्या किमतीत घट होत नाही, म्हणून रोख भरपाईचे कारण नाही, अशी कंपनीची भूमिका होती. अमेरिकेतील सामूहिक दाव्यासारखी प्रभावी तरतूद त्या वेळी जर्मन कायद्यात नव्हती. त्यामुळे मालकाला बहुधा एकट्याने न्यायालयात जावे लागे.

मोठ्या इंजिनांविषयीचे आदेश टप्प्याटप्प्याने आले. जुलै २०१७ मध्ये जर्मनीचे वाहतूकमंत्री अलेक्झांडर डोब्रिंट यांनी तीन लिटर डिझेल केयेनच्या नव्या नोंदणीस मनाई केली आणि युरोपातील सुमारे २२,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१७ मध्ये टुआरेगच्या सुमारे ५७,६०० गाड्या, जानेवारी २०१८ मध्ये ऑडीच्या सुमारे १,२७,००० गाड्या आणि मे २०१८ मध्ये पोर्शेच्या मकान व केयेन या एसयूव्हींच्या सुमारे ६०,००० गाड्या यांबाबतही तेथील वाहन प्राधिकरणाने असेच आदेश काढले. जून २०१८ मध्ये मर्सिडीजच्या सुमारे ७,७४,००० वाहनांवर कारवाई झाली. त्यांत जीएलसी ही एसयूव्ही होती.

हे आदेश मालकांवरही बंधनकारक ठरत. दुरुस्ती करून न घेतल्यास गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई होऊ शकत असे. फसवणूक कंपनीची असूनही आदेश न पाळण्याचे परिणाम मालकाला भोगावे लागत. त्यातच फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपत्सिग येथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना जुन्या डिझेल वाहनांवर प्रवेशबंदी घालण्याची मोकळीक दिली आणि वापरलेल्या डिझेल गाड्यांच्या बाजारात अस्वस्थता वाढली.

भरपाईचे गणित

२५ मे २०२० रोजी जर्मनीच्या संघीय सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, दोन लिटर गाडीच्या एका प्रकरणात, कंपनीने ग्राहकाची हेतुपुरस्सर फसवणूक केल्याचे मान्य केले. गाडी परत करून किंमत मागण्याचा हक्क मालकाला मिळाला. मात्र केलेल्या वापराचे मूल्य त्यातून वजा करावयाचे होते.

ही वजावट समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, एक नवी एसयूव्ही ६०,००० युरोंना घेतली आणि तिचे अपेक्षित आयुष्य ३ लाख किलोमीटर धरले. ती दीड लाख किलोमीटर धावली असेल, तर निम्मे आयुष्य वापरले गेले; म्हणून ३०,००० युरो वजा होऊन उरलेले ३०,००० युरो परत मिळतील. गाडी ३ लाख किलोमीटर धावली असेल, तर हाती काहीच येणार नाही. वापराचे मूल्य संपूर्ण भरपाई गिळून टाकू शकते, हे न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे खटला जितका लांबे आणि गाडी जितकी वापरली जाई, तितकी मालकाची रक्कम आटत जाई.

मोठ्या इंजिनांच्या प्रकरणांत हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध करणे आणखी अवघड होते. २१ मार्च २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने मर्सिडीजच्या प्रकरणात निर्णय दिला की, उत्सर्जनाचे नियम हे केवळ हवेच्या रक्षणासाठी नसून ते वैयक्तिक खरेदीदाराच्या हिताचेही रक्षण करतात. म्हणून निष्काळजीपणा असला तरी भरपाई मिळू शकते. त्यास अनुसरून २६ जून २०२३ रोजी जर्मन न्यायालयाने तीन प्रकरणांत तत्त्व घालून दिले. त्यांपैकी एक ऑडी एसक्यू५ या तीन लिटर डिझेल एसयूव्हीचे होते. या तत्त्वानुसार मालक गाडी स्वतःकडे ठेवून खरेदीच्या किमतीच्या ५ ते १५ टक्के भरपाई मागू शकतो. वरील उदाहरणात ही रक्कम ३,००० ते ९,००० युरो होईल. अर्थात वापराचे मूल्य आणि गाडीची उरलेली किंमत यांचा विचार करून तीही कमी होऊ शकते. अमेरिकेतील मालकांना २०१७ मध्ये मिळालेल्या न्यायाशी तुलना करण्याजोगे हे तत्त्व जर्मन मालकांसाठी त्यानंतर सहा वर्षांनी प्रस्थापित झाले.

भारतातील स्थिती

या प्रकरणाचा भारतातील तपास मुख्यतः महाराष्ट्राशी निगडित आहे. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे, तर ऑडीच्या क्यू५ व क्यू७ यांसारख्या गाड्यांची जुळणी करणारा समूहाचा कारखाना औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जवळील शेंद्रा येथे होता. वाहनांची तपासणी केंद्र सरकारच्या सूचनेवरून पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने केली. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील उत्सर्जनात तफावत आढळल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने ३,२३,७०० वाहने परत बोलावण्याची घोषणा केली. त्यांत फोक्सवॅगनच्या सुमारे १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. ही सर्व वाहने 'ईए १८९' मालिकेतील लहान व मध्यम डिझेल इंजिनांची होती. अमेरिकेत गाजलेले तीन लिटर इंजिन त्यांत नव्हते.

त्या काळी भारतात लागू असलेल्या भारत स्टेज ४ मानकांत रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादाच घालून दिलेली नव्हती. म्हणून आपण भारतीय नियमाचा भंग केला नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. मालकांना सॉफ्टवेअरची विनामूल्य दुरुस्ती मिळाली; रोख भरपाई वा परत-खरेदी नव्हती.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने दिल्लीतील आरोग्यहानीचे मूल्य १७१.३४ कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड केला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. हा दंड पर्यावरणाच्या हानीपोटी होता. वाहनमालकांना त्यातून काही मिळण्याची तरतूद नव्हती.

मालकाचे दुहेरी स्थान

या प्रकरणात वाहनमालकाचे स्थान दुहेरी आहे. तो फसवला गेलेला ग्राहक आहे. डिझेल प्रकारासाठी आणि 'स्वच्छ' या विशेषणासाठी त्याने अधिक किंमत मोजली होती. त्याच वेळी नकळत का होईना, त्याच्या गाडीने इतरांच्या हवेत विष सोडले. दोन लिटर वाहनांच्या जादा उत्सर्जनामुळे २००८ ते २०१५ या काळात अमेरिकेत सुमारे ५९ अकाली मृत्यू ओढवल्याचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैज्ञानिक अभ्यासात मांडण्यात आला होता. ज्यांना या हवेचा उपद्रव झाला त्यांची गणना करणे शक्य नसल्याने त्यांना वैयक्तिक भरपाई मिळाली नाही.

दुरुस्तीबाबतचा तिढाही यातूनच उद्भवतो. दुरुस्तीचा लाभ प्रामुख्याने समाजाला मिळतो; तिची गैरसोय, म्हणजे कार्यशाळेतील खेपा आणि द्रावणाचा वाढता खर्च, मालकाच्या वाट्याला येते. दुरुस्ती न केलेली गाडी चालवताना मालकाला स्वतःला काहीही त्रास जाणवत नाही. म्हणूनच अमेरिकी तडजोडीत नुकसानभरपाई दुरुस्तीशी जोडण्यात आली आणि ८५ टक्के वाहने परत घेण्याचे वा दुरुस्त करण्याचे उद्दिष्ट न गाठल्यास कंपनीवर जादा रकमेचा भार ठेवण्यात आला. युरोपात हेच काम सक्तीच्या आदेशाने करण्यात आले.

जबाबदारी आणि शिक्षा

जानेवारी २०१७ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत तीन फौजदारी गुन्हे कबूल करण्याचे मान्य केले. दंडाची एकूण रक्कम ४.३ अब्ज डॉलर होती. जर्मनीत ऑडीला ऑक्टोबर २०१८ मध्ये ८० कोटी युरो व पोर्शेला मे २०१९ मध्ये ५३.५ कोटी युरो भरावे लागले. ऑडीचे प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. मे २०२३ मध्ये त्यांनी म्युनिक येथील न्यायालयात कबुलीजबाब दिला आणि २७ जून २०२३ रोजी त्यांना १ वर्ष ९ महिन्यांचा स्थगित कारावास व ११ लाख युरोंचा भरणा अशी शिक्षा झाली. या प्रकरणापोटी फोक्सवॅगन समूहाला एकूण ३० अब्ज युरोंहून अधिक खर्च आला.

नियमांवरील परिणाम

सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नव्या प्रकारच्या मोटारींसाठी प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन-चाचणी बंधनकारक झाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके आली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादा पाळणे आवश्यक ठरले. २०१५ मध्ये ज्या उणिवेचा आधार कंपनीने घेतला होता ती अशा रीतीने भरून निघाली.

सप्टेंबर २०१८ मध्ये पोर्शेने डिझेल मोटारी कायमच्या बंद करण्याची घोषणा केली. भारतातही नवी मानके लागू होताच फोक्सवॅगन समूहाने डिझेल मोटारींची विक्री थांबवली आणि ऑडीच्या एसयूव्ही पेट्रोल वा विजेवर चालणाऱ्या प्रकारांतच मिळू लागल्या. जुन्या डिझेल एसयूव्ही मात्र आजही वापरात आहेत आणि हस्तांतरित होत आहेत. अशी गाडी विकत घेणाऱ्यासाठी तिचे उत्पादनवर्ष, इंजिनाचा प्रकार आणि मंजूर दुरुस्ती झाल्याची नोंद या तीन गोष्टी तपासून पाहणे महत्त्वाचे ठरते.